हलका रुपया

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, मागच्यांना जागा होऊ द्या. आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. आपल्या चुकीवर दुसऱ्याचा आनंद उभा असेल, तर ती चूक कबूल करायची, की गिळून टाकायची? उत्तराची घाई नको. मी पंचेचाळीस वर्षं घेतली!

गेल्या माघातला रविवार. मिरजेची सराफ गल्ली. पेढीवर माझे वडील बसलेले — मुकुंदराव पोतदार, साऱ्या गल्लीचे आप्पा. वय अठ्ठ्याऐंशी, दात सोडले तर सगळं जागेवर. सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार, कारण कोल्हापूरहून इंगवले सर येणार होते, नाणी पारखणारे. आप्पांचा रुपया बघायला.

आता हा रुपया काय प्रकरण होतं? वजन असायला हवं आठ ग्रॅम, भरायचा साडेसहा. आप्पा सांगायचे, टांकसाळीत पत्रा पातळ लाटला गेला आणि तसाच छापला गेला. असं नाणं लाखात एक. दुकानात कुणीही येवो, आधी रुपयाचं दर्शन. अहो, एकदा लग्नघरची माणसं मंगळसूत्र न्यायला आली, मुहूर्त तासावर आला, आणि आप्पा त्यांना भिंगातून रुपयावरचे सिंह दाखवतायत! मुलाच्या बापाने हात जोडले, तेव्हा सुटका झाली.

आणि खरी गोष्ट? मी नऊ वर्षांची. लक्ष्मीपूजनाची सकाळ. देव घासायचं काम माझ्याकडे. चिंचेनं देव लखलखले, पूजेतला रुपया मात्र काळपट तो काळपटच. दुसऱ्या घरातली मुलगी अजून दोनदा घासेल. मी पडले सोनाराची मुलगी! आप्पा सोनं तपासायला तेजाब वापरतात, हे पाहिलेलं. वाटीत तेजाब ओतलं, रुपया टाकला, आणि अंगणात रांगोळीचा मोर काढायला गेले. मोराला पिसं किती असतात, तुम्हीच सांगा. परत आले, तर मोराचा निळा-हिरवा रंग वाटीतल्या तेजाबात उतरलेला.

रुपया धुतला, पुसला, ठेवून दिला. संध्याकाळी आप्पांनी तो पूजेला उचलला आणि हात तिथंच थांबला. काट्यावर घातला. मग दारात जाऊन गल्लीला सांगितलं, टांकसाळ चुकली. मी पणत्यांत तेल घालायला लागले. त्यांचा आनंद मोडायचा नाही, असं मनाला सांगत राहिले. खरं म्हणजे भीती वाटत होती.

तर रविवारी इंगवले सर आले. मी आतल्या दारातून ऐकत होते. सरांनी शांतपणे समजावलं. पत्राच पातळ असेल, तर नाण्याचा घेर पूर्ण भरतो, कडेचे दाते स्वच्छ उठतात, फक्त छाप मधेमधे फिकी पडते. इथं घेरच घटलाय, दाते गेलेत, अक्षरं सगळीकडून सारखी विरलीत, अंगावर बारीक खड्डे आहेत. ही टांकसाळीची चूक नव्हे. कुणीतरी आम्लात बुडवलंय.

मला वाटलं, आता आप्पा खचणार. त्यांनी मान हलवली, सरांना दोनदा चहा पाजला, रिक्षात बसवून दिलं. मग मला बोलावून समोर बसवलं. मंडळी, ज्याने साठ वर्षं तेजाब हाताळलं, त्याला हे कुणी शिकवायला हवं होतं का? डोळे मिचकावत म्हणाले, "दुर्गे, त्या दिवशी वाटी धुवायची राहिली होती बघ तुझी."

म्हणजे पहिल्या संध्याकाळपासून माहीत! या माणसाने पंचेचाळीस वर्षं सरकारी टांकसाळीवर आळ घेतला, पण पोरीवर येऊ दिला नाही. बोलून झालं, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य माझं होतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "भात लावते."

भात झाला. आमटीत मीठ कमी म्हणून आप्पांनी नेहमीसारखी कुरकुर केली. सकाळी ते उठले नाहीत.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्याही घरी कुणी असं बघत बसलेलं असेल. माफी त्यांनी केव्हाच देऊन टाकलेली असते. तुमचं एक वाक्य तेवढं राहिलेलं असतं. मग काय कराल? घरी जाऊन भात लावाल?

तबला जरा थांबवा. माझं राहिलंय, ते बोलून घेते.

आप्पा, रुपया मी तेजाबात टाकला होता. तुम्हाला सगळं माहीत होतं, हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की तुमच्याकडे बघवलं नाही. म्हणून उठले मी.