ढोलीतली सवत

सवत कशी असती ते मला इचार, आक्का. माझी सवत झाडाच्या ढोलीत ऱ्हायची!

इंग्रजांचं राज होतं. आमचे हे खानापूरच्या जंगलात गार्ड होते. साहेबानं ह्यांना धनेश पक्ष्याच्या घरट्यावर लक्ष ठेवायला सांगितलेलं. नेमकी तवाच मी धाकट्याची बाळंतीण. अंधारी खोली, खाटंखाली शेगडी, आन सासूबाई देतील तेवढाच मऊ भात. पुरुषमाणसानं आत यायचं न्हाय, म्हणून हे रोज दाराआडनं बोलायचे. माझी इचारपूस कुठली! सगळं त्या पक्षिणीचं कौतुक.

"अंडी घालायला ती ढोलीत शिरती, आन आतनं तोंड लिंपून घेती. एक फट तेवढी ठेवती. नर दिवसभर उंबरं आणून फटीतनं भरवतोय बघ. लई जीव गं तिच्यावर!"

"आन तुमी काय करता?"

"मी खाली बसून बघतो की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच उठले, दार लोटलं, हात जाईल एवढी फट ठेवली आन म्हटलं, "लई दिवस बघितलासा. आता करून दावा."

दुसऱ्या दिवशी फटीतनं हात आत आला. मूठभर पिकलेली उंबरं!

सासूबाई बाहेरनं ओरडल्या, "अरं, बाळंतिणीला उंबरं? किडं असत्यात त्यात!"

किड्यांसकट खाल्ली मी. सवतीच्या वाट्याची होती, एक तरी सोडते व्हय?