आजोबांचा माइक

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी आजोबा आणि त्यांची नात बसली होती.

"कालच्या तालमीत स्पीकरवर सगळे ऐकू आले, मीच नाही. कान गेले गं माझे."

"कान ठणठणीत आहेत, आजोबा. तालमीचा आवाज सांभाळणाऱ्या माझ्या एआयने तुमचा माइक बंद केला होता. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, समूहगान बेसूर होऊ द्यायचं नाही."

"हुशार आहे की लबाड. मग आता सांग, टाळ्या जास्त पडू देत."

"टाळ्या गाणं संपल्यावर पडतात, हे कळलं की तो दुसऱ्याच ओळीला गाणं संपवेल."

"मग रविवारच्या कार्यक्रमात मी गाऊ की नको?"

"गायचं. तो फक्त मला खूण करेल, बटणापाशी मी बसेन."

"आणि मी बेसूर झालो तर?"

"तुमचाच आवाज थोडा वाढवेन."