मंदारचा डबा आणि स्नोमोबिलच्या स्कीज

आमच्या मंदारची गंमत सांगितली का तुम्हाला? तो वर डोंगरावर स्की-लिफ्टच्या मेंटेनन्सला असतो. यंदा त्याने स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी घेतली, म्हणून तिच्या पुढच्या स्कीज, म्हणजे घसरपट्ट्या, आणि मागची सामानाची बॅग निवडायला मीही दुकानात गेलो.

दुकानदार रुंद स्कीज, अरुंद स्कीज जीव तोडून समजावत होता. मंदारचं सगळ्याला एकच, "चालेल."

बॅग समोर आली, तसा यानं सॅकमधून चार खणांचा स्टीलचा डबा काढून आत उभा केला. बॅगेचं झाकण लागेना.

"आडवा ठेव ना, मित्रा!" मी म्हणालो.

"आमटी सांडेल."

शेवटी सगळ्यात उंच बॅग घेतली.

दुकानदार म्हणाला, "बर्फात गाडी रुतली, तर आधी मागचं ओझं फेकायचं."

मंदारनं डबा छातीशी धरला. "त्यापेक्षा मी उतरतो."