बोंड्याची केसगळती

मिशा पाहून कुत्रं घेतलं मी, तुम्हाला सांगतो, मिशा पाहून! आजकाल सोयरीक जमवताना नवरदेवाच्या मिशा कोणी बघत न्हाई, आन् मी कुत्र्याच्या बघितल्या, वरचा ओठ बोटानं उचलून, दाढी चाचपून, भुवयांवर फुंकर मारून... आन् इतकं करून घरातले काय म्हणतात? म्हणतात, तुमच्या हुशारीनं झालं सगळं. माझ्या? अहो, टेंभुर्णीच्या शिवारात मक्याचे सीड प्लॉट, म्हंजे कंपनीसाठी बियाणं पिकवण्यात हयात गेली माझी. नराची ओळ कोणती, मादीची कोणती, मी बांधावरून सांगतो. मादीच्या ओळीतला तुरा फुटायच्या आत उपटायचा, नराचा पराग तिच्यावर पडू द्यायचा, आन् रांगेत एखादं झाड जरा जरी वेगळं दिसलं, पान रुंद, खोड तांबडं, की भेसळ म्हणून मुळासकट बाहेर. कंपनीचे शिकलेले पोरं सुद्धा मला विचारतात, "तातेराव, हे झाड ठेवायचं का?" अशा माणसाला बियाणं कळत न्हाई? बी कधी खोटं बोलत न्हाई, हे माझं वाक्य हाय, गावात कोणालाबी विचारा.

तर झालं काय... सून माझी, अर्पिता, अंबडची. पोरगी गुणाची, पण लहानपणापासून दमा. जरा कुठं धूळ उडाली, धूर झाला, की छातीत शिट्टी वाजती, मंग तो तोंडात धरायचा पंप, आन् तिचा श्वास मोकळा होईस्तोवर घरातले सगळे आपापला श्वास धरून बसतात. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं बोलणं कामापुरतं. चहा ठेवू का, दार लावू का. आमचा राधेश्याम जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या प्लांटवर, सकाळी गाडीला किक मारली की दिवेलागणीशिवाय तोंड दिसत न्हाई. मी वावरात. आन् दैवशाला, म्हंजे आमची मंडळी, तिचं तोंड भजनाला आन् मला बोलायला, तिसऱ्या कामाला उरतच न्हाई. पोरगी दिवसभर एकटी. एकदा म्हणलं, अर्पिता, तुला काय पाहिजे ते तर सांग. मला वाटलं माहेरी जायचं म्हणंल. ती म्हणली, "मामा, कुत्रं."

लहानपणी तिच्या माहेरी समोरच्या घरात कुत्रं व्हतं, आन् हिला दम्यापायी खिडकी लावून घ्यायला लावायचे, मंग ही काचेतून बघायची त्याला. हे तिनं सांगितलं आन् मला... आता काय लपवायचं, मला लई वाईट वाटलं.

आन् तिनं सगळं वाचून ठेवल्तं बरं का. म्हणली, "मामा, पूडल म्हणून एक जात असती, मेंढीवाणी कुरळी, तिचे केस फार गळत न्हाईत. आन् लॅब्रडॉर स्वभावानं गरीब, पण केस घरभर. ह्या दोघांचा क्रॉस करतात." क्रॉस म्हणल्यावर माझे कान उभे राह्यले. म्हणलं पोरी, थांब, हा विषय माझा हाय. ती म्हणली, "तसं न्हाई मामा, नुसत्या पहिल्या क्रॉसचा भरवसा न्हाई. कोणाचे गळतात, कोणाचे न्हाई. त्याचा परत पूडलसंग केलेला क्रॉस बघायचा. बॅकक्रॉस." मी हसलो, तुम्हाला सांगतो, चांगला मांडीवर थाप मारून हसलो. बॅकक्रॉस म्हंजे कंपनीच्या साहेबांचं आतलं काम, नवा वाण बसवायचं. शेतकऱ्याच्या पिशवीत कधी बॅकक्रॉस पाहिला का कोणी? पिशवीत असतो एफ वन. दोन वाणांची पहिली पिढी, सगळे झाडं एका उंचीचे, एका रंगाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यावाणी. त्याच्या पुढं गेलात की अर्धं वावर बुटकं, अर्धं लंबू. म्हणलं, पोरी, बी कधी खोटं बोलत न्हाई.

राधेश्यामनं जेवता जेवता ऐकून घेतलं आन् ताट बाजूला सारलं. म्हणला, "दादा, आणा. पण तिला एक जरी झटका आला, फक्त एक, तर कुत्रं त्याच दिवशी घराबाहेर. तेव्हा मला कोणी अडवायचं न्हाई." पोरगं असं हळू आवाजात बोललं ना, की मला भ्या वाटतं. ओरडलं असतं तर मीबी ओरडलो असतो.

गेलो मंग संक्रांतीनंतर अर्पिताला घेऊन जालन्याला, सोहनलालजींकडं. हे बियाण्याचे जुने व्यापारी, मूळचे राजस्थानचे, पण आमच्या आज्याच्या आधीपासून जालन्यात. त्यांच्या घरी कुत्र्यांचा शौक. दोन टोपल्यांत दोन वेतांचे पिल्लं ठेवल्ते. एकीत बॅकक्रॉसचे, सगळे कुरळे, एका साच्यातून काढल्यावाणी. आन् माझ्या एफ वनच्या टोपलीत... काय सांगू तुम्हाला, एक नागमोडी केसाचं, एक तारेच्या ब्रशवाणी, एक जवळजवळ सरळ. मी म्हणलं, सोहनलालजी, हा प्लॉट फेल हाय! ते हसले. "तातेरावजी, ये मका थोडीच हाय? मक्याचे नर-मादी तुम्ही लोक पिढ्यान् पिढ्या आपसातच पेरून एकदम सरळ करता, मंग पहिला क्रॉस एकसारखा येतो. कुत्र्याचं एवढं कोण करून राह्यलं? याच्या आई-बापातच पहिल्यापासून दहा रंग." मी मनात म्हणलं, एखाद्या पिल्लाला दूध कमी पडलं असंल. मक्यालाबी पाण्याचा ताण पडला तर उंची कमीजास्त होती का न्हाई?

पण मिशा मात्र सगळ्यांना व्हत्या. सोहनलालजी म्हणले, "मिशा पूडलकडून येतात, आई-बापातल्या एकानं दिल्या तरी उगवतात. आन् मिशावालं कुत्रं कमी केस गाळतं, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात बरं का, मी न्हाई म्हणत." मला तेवढं बस झालं. सगळ्यात दाट मिशावालं उचललं. अर्पिता दुसऱ्या टोपलीपाशी बसल्ती, एक कुरळं पिल्लू तिचा अंगठा चोखू राह्यलं व्हतं. मी म्हणलं, चल, ठरलं. तिनं अंगठा सोडवून घेतला, पदराला पुसला आन् उठली. सासऱ्यापुढं काय बोलंल ती? मला तेव्हा ते दिसलं, पण दिसल्याचं मी दाखवलं न्हाई.

पिल्लाचं नाव बोंड्या. फुटल्या कापसाच्या बोंडावाणी दिसायचं म्हणून. आन् काय सांगू, घर बदललं. अर्पिता बोलायला लागली, आधी कुत्र्यासंग, मंग दैवशालेसंग, मंग माझ्यासंग. दुपारी वावरातून आलो की रस्त्यावर तिचं हसणं ऐकू यायचं. आमच्या घरातून हसण्याचा आवाज, शेजारी उठून बघायचे. पंप कपाटात पडून राह्यला. केस? एक न्हाई. मी गावभर सांगितलं, पारावर सांगितलं, दुधाच्या डेअरीवर सांगितलं, की एफ वन म्हंजे एफ वन, बी कधी खोटं बोलत न्हाई.

पण ते व्हते बाळकेस. हे मला कोणी सांगितलं? अर्पितानं सांगितल्तं, पण मी ऐकलं असतं तर ना. आठव्या महिन्याच्या आसपास कुत्र्याचे खरे केस येतात म्हणं, आन् तेव्हा कळतं कोण कोणावर गेलं. पोळा जवळ आल्ता, माझ्या मक्याला तुरे फुटू राह्यले व्हते, दिवसभर नराच्या ओळीतून फिरायचो, आन् एक दिवस घरी येऊन दिवाणावर टेकलो आन् उठलो तर धोतराला केस. पांढरा. लांब. मी इकडं तिकडं पाह्यलं. खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी चार. मंग मोजायचं सोडलं. तुम्हाला सांगतो, इतक्या झाडांतून भेसळीचं एक झाड शोधणारा मी, घरातल्या चादरीवरून केस वेचू राह्यलो. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं, बोंड्याला गोठ्यामागं न्यायचं, ब्रशनं भादरल्यावाणी विंचरायचं, निघाले ते केस उकिरड्यात पुरायचे. वरून छान लाटा, नागमोडी, आन् खाली सगळी आईची लव, लॅब्रडॉरची! मिशा बापाच्या आन् गळती आईची. मी त्याला म्हणायचो, लेका, थोडे दिवस तरी धर. तो माझं तोंड चाटायचा. राधेश्याम रविवारी दिवाणावरून हात फिरवायचा आन् तळहात उजेडात धरून बघायचा. अर्पिता खोकली की मी, दैवशाला, कुत्रं, तिघं एकदम तिच्याकडं बघायचो. साधा ठसका बी लागू देत नव्हतो पोरीला.

आन् आला. झटका आला. भर दुपारी मी वावरातून आलो, तिनं माझी टोपी घेतली, पाण्याचा तांब्या दिला, बोंड्या दोघांच्या पायात, आन् तिचा श्वास अडकला. पंप घेतला, भागलं न्हाई. गावातल्या डॉक्टरनं वाफ दिली तेव्हा कुठं ओठाला रंग आला. मी तिच्या उशाशी उभा, आन् तिच्या खांद्यावर एक पांढरा केस. मला वाटलं, हा केस न्हाई, गुन्ह्याच्या कागदावरचा माझा अंगठा हाय, मीच उठवला. आता माझी सगळी हुशारी गेली, फक्त पोरगी राहू दे, असं देवाला म्हणलो.

राधेश्याम आला. ओरडला न्हाई. "उद्या सोहनलालजींकडं सोडून या." अर्पिता पडल्या पडल्या म्हणली, "मामा, झाड उपटायच्या आधी तुम्ही दोनदा बघता ना? आधी तपासू. कशानं होतं ते तर कळू द्या." राधेश्याम म्हणला, "तपासेपर्यंतच." मंग ठरलं, डॉक्टरची तारीख मिळंस्तोवर बोंड्या वावरात, शेडमधी बांधून.

आता ऐका. कुत्रं वावरात. दैवशालेनं घर गोमूत्रानं, फिनेलनं, काय हाताला लागंल त्यानं पुसलं. आन् तरी रोज मी घरी आलो की अर्पिताच्या छातीत शिट्टी! दैवशाला म्हणली, "आवो, तुमच्याच अंगाला केस येतात. कशाला जवळ जाता त्याच्या?" मी जवळ जाणं सोडलं. लांबून भाकरी फेकायचो, तो भाकरी सोडून माझ्याकडंच बघत बसायचा. आन् घरी आलो की परत शिट्टी. राधेश्याम म्हणला, आता तपासायचं तरी काय राह्यलं?

जालन्याला दम्याच्या डॉक्टरनं अर्पिताच्या हातावर पेनानं चौकोन काढले, एकेकात एकेक थेंब टाकला, सुईनं टोचलं, म्हणला थांबा थोडं. आम्ही चौघं त्या हाताकडं बघत बसलो, निकालाच्या दिवशी पोरं बोर्डाकडं बघतात तसे. एक चौकोन फुगला. फुगला म्हंजे किती? रुपयाएवढा. डॉक्टरनं कागद पाह्यला. राधेश्याम म्हणला, "कुत्रं ना?" डॉक्टर म्हणला, "कुत्र्याचा हा बाजूचा. मोहरीएवढा. आन् केसाला कशाला भिता, त्रास लाळेनं आन् कोंड्यानं होतो, केस गळो न गळो. धूत चला, झोपायच्या खोलीत घेऊ नका. हा मोठा मक्याच्या परागाचा हाय. दरसाली पोळ्याच्या सुमाराला वाढतो का?" दैवशाला म्हणली, "वाढतो की, लग्न झालं तेव्हापासून." डॉक्टर म्हणला, "मागच्या पोळ्याला कुत्रं व्हतं?"

दैवशालेनं न्हाई म्हणून मान हलवली. डॉक्टरनं पुढं विचारलं,

"घरात मका कोण आणतं?"

तिघांनी माझ्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. धोतरावर, बाह्यांवर, टोपीच्या घडीत, सगळीकडं पिवळी बारीक धूळ. नराची. बी कधी खोटं बोलत न्हाई म्हणतात ते खरं हाय हो, पण पराग घरात येऊन गपचूप बसतो, त्याचं काय?

अर्पिता तेवढ्यात काय म्हणली असंल? म्हणली, "मामा, प्लॉट सोडू नका हं. मी सांभाळून घेईन." मी पंख्याकडं बघत राह्यलो.

बोंड्या घरी आला. गळतो, चांगला गळतो, रोज ओंजळभर, कोणाला काही वाटत न्हाई. दिवाणावर त्याची चादर वेगळी. आन् माझं काय? तुरे असेस्तोवर मी अंगणातच. कपडे बाहेरच्या दोरीवर, आंघोळ चुलाणावर तापवलेल्या पाण्यानं बाहेर, कानामागं पराग राह्यला का ते दैवशाला स्वतः बघती, मंग उंबऱ्याच्या आत. लोकांच्या वावरातली भेसळ काढत म्हातारा झालो, आन् घरातली निघाली ती मी.

परवा चांगला घासून-पुसून, धुतलेलं धोतर नेसून उंबऱ्यापाशी गेलो. बोंड्या आतून आला, मला खालपासून वरपर्यंत हुंगलं, आन् शिंकला. आतून अर्पिताचा आवाज आला, "मामा, अजून एकदा."

मी बादली भरायला ठेवली.