साडेसहाशे ग्रेन

—नाही नाही, तू म्हणतोस ते खरंय ऑरिन, हलका बाण सरळ जातो, जोरात जातो, कबूल — पण जाऊन करतो काय? सांग ना, जाऊन करतो काय? एल्क म्हणजे काय ससा आहे? घोड्याएवढं हरीण, खांद्याचं हाड असं की कुऱ्हाडसुद्धा दोनदा विचार करेल. तिथं वेगाला कोण विचारतो बाबा, तिथं वजन लागतं. बस ना, उभा का तू? त्या स्टुलावर बस, ते हातमोजे टाक खाली — हां. कॉफी? नको? बरं, राहिलं. तर काय सांगत होतो मी — वजन. साडेसहाशे ग्रेन. या काउंटरमागं उभा राहून अख्ख्या खोऱ्याला ओरडून सांगतोय मी, साडेसहाशेच्या खाली एल्कवर बाण सोडायचा नाही म्हणजे नाही. आणि ग्रेन म्हणजे तरी काय रे? जवाचा एक दाणा. पूर्वीच्या लोकांनी जवाच्या दाण्यावरून ठरवलं हे माप. म्हणजे सगळा खेळ मूठभर जवाचा. मूठभर दाणे इकडं की तिकडं, त्यावर ठरतं की जनावर चार उड्या मारून शांतपणे आडवं होणार, की — असो.

ते राहू दे. ते तू आणलेलं फडक्यातलं राहू दे रे, काय घाई आहे, बघू नंतर. तिकडं सरकव, इथं डिंक सांडलाय, चिकटेल. हा बघ, हा बाण बघ, कालच बांधलाय — काट्यावर ठेवतो, वाच तू — किती? साडेसहाशे अठरा. बघितलंस? आणि सगळा भार पुढं, पात्याकडं. दांडी जाड, पातं दोन धारांचं, साधं, उघडझाप करणारी नाटकं नाहीत त्यात. हा हाडावर आदळला तरी थांबत नाही, ढकलत जातो आत. आणि मुख्य म्हणजे धनुष्य वाजत नाही. हे लोकांना कळतच नाही! हलका बाण सुटला की धनुष्याची उरलेली ताकद जाणार कुठं? धनुष्यातच राहते, आणि ते खाडकन वाजतं. जनावर दचकतं. बाण पोचेपर्यंत ते खाली दबलेलं असतं, वळलेलं असतं, आणि तू नेम धरलास फुप्फुसावर आणि लागतो कुठं, तर खांद्यावर, अगदी हाडाच्या मधोमध, आणि चार बोटं आत जाऊन उभा राहतो, दांडी लटकत — मला कसं ठाऊक? कसं म्हणजे? गिऱ्हाइकं सांगतात. दिवसभर दुसरं काय ऐकतो मी इथं!

माझा? माझा बाण कितीचा? हा काय प्रश्न झाला, ऑरिन. तूही कमाल करतोस. दुकानावरच्या पाटीवर काय लिहिलंय? — पाटीवर नाही लिहिलेलं, बरं, पण सगळ्यांना माहीत आहे ना. मर्ल म्हणजे साडेसहाशे. काहीजण तर मला हाकच मारतात तशी.

खरं सांगू? तू आत आलास तेव्हा मला बरं वाटलं. नाही म्हणजे — आधी धस्स झालं, मग बरं वाटलं. गेल्या पानगळीपासून तू दुकानात पाऊल टाकलं नाहीस. रस्त्यात दिसलास की हात करतोस, तेवढंच. मी बायकोला म्हटलंही, बँडचे मास्तर रुसलेत आपल्यावर. ती म्हणाली, रुसेल नाही तर काय करेल. ती तुझ्या बाजूची आहे, सांगून ठेवतो. तिला अजून आठवतं ते जेवण. अग्निशमन दलाच्या हॉलमधलं, शिकाऱ्यांचं दरवर्षीचं. मला नाही का आठवत? आठवतं की. तू आपणहून उठून सांगितलंस — मी एक नर जखमी केला, सगळ्यांना बोलावलं, तीन दिवस रान पिंजलं, नाही सापडला, म्हणून माझा टॅग, हंगामात एकाच जनावराचा तो परवाना, मी कापतोय, माझा हंगाम संपला. संपला विषय! रीत तीच आहे ना आपली — रक्त काढलं की ते जनावर तुझं, मिळो न मिळो; आपला चाकू काढायचा, टॅगवरची तारीख कापायची आणि गप घरी बसायचं. कायदा सांगत नाही, आपण सांगतो. आणि ते गुपचूप करायचं असतं, घरी, एकट्यानं. तू तर सगळ्यांसमोर केलंस, तरी मला पुरलं नाही. काटा कुणी आणला होता हॉलमध्ये? मी. व्याख्यानासाठी आणला होता, खोटं नाही बोलत — पण तुझा बाण त्यावर ठेवायची काय गरज होती? आणि आकडा वाचला तो कसा, लिलावात बोली लावावी तसा. चारशे! मंडळी, चारशे! हा बाण आहे की स्वेटर विणायची सुई? सगळे हसले. तुझी बायको ताटाकडं बघत होती, बीन्स चिवडत. तू पण हसलास थोडा. ते तुझं हसणं — जाऊ दे.

हसलो कारण मला हसता येत होतं रे. मी बरोबर होतो, म्हणून. वजनाच्या बाबतीत मी बरोबरच होतो, आजही आहे, त्यात काही फरक नाही. ऐक, हे तुला सांगतो, बाहेर बोलू नकोस — हा खांदा. उजवा. गेला तो. डॉक्टरीण म्हणाली, मर्ल, आता धनुष्य खुंटीला टांगा. मी म्हटलं, टांगतो, आणि घरी येऊन दार लावून ओढून बघितलं. सत्तर पौंडाचं ओढायचो मी, गप्पा मारता मारता ओढायचो. आता पंचेचाळीसला डोळ्यांपुढं काजवे. मग काय करायचं? साडेसहाशेचा बाण पंचेचाळीसवर लावला तर तो जातो कसा — जातो म्हणजे पडतो. जनावराच्या अगदी जवळ जायला हवं मग, वीस पावलांवर, श्वास ऐकू येईल इतकं. आणि गुडघे? हे गुडघे वाजतात, सुक्या फांद्या मोडल्यासारखे, सगळ्या डोंगराला कळतं मर्ल आला. म्हणजे लांबून मारायचं. लांबून मारायचं तर — तर हलका बाण. हो. म्हणालो ना. हलका.

किंवा घरी बसायचं. तेही होतं. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. पण लोक विचारतात ना रे हंगामात — मर्ल, कुठं दिसले, मर्ल, नराची शीळ ऐकलीस का, मर्ल, मिळाला का? त्यांना सांगायचं की मी आता नुसता काउंटरमागचा बाबा आहे?

उघडू नकोस. ऑरिन, ते फडकं उघडू नकोस, मला माहीत आहे आत काय आहे. तू दारातून आलास तेव्हाच कळलं. लांबीवरून कळलं, मोडलेला आहे तेही कळलं. दोन पिवळी पिसं, एक पांढरं. टर्कीची. मी स्वतःच कापतो ती, दुसऱ्या कुणासाठी नाही लावत तशी — दुसऱ्या कुणाचा असणार? आणि काट्यावर तर ठेवूच नकोस, कृपा कर. मी सांगतो. तीनशे ऐंशी. तुझ्यापेक्षाही वीस कमी. बास? हसायचंय तर हास, तुझा हक्क आहे. हसत नाहीस. हसला असतास तर बरं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी. उतार संपतो तिथं, विलोच्या झुडपांच्या वर. शीळ घालत आला तो, काय आवाज, तुझ्या ट्रम्पेटवाल्या पोरांना जन्मात जमणार नाही — मला वाटलं, लांब आहे, सोडून द्यावा. मग वाटलं, हलका आहे ना बाण, जाईल. सोडला. खाडकन वाजलं धनुष्य. वळला तो. मी जे मघाशी सांगितलं ना गिऱ्हाइकांचं म्हणून, ते सगळं तसंच झालं, अगदी तसंच, लाकडी दारावर थाप मारावी तसा आवाज आला. रक्त होतं ओढ्यापर्यंत. मग पाणी, मग अंधार. मी परत आलो. आणि फोनजवळ बसलो. कळतंय का तुला, मी फोनजवळ बसलो! एक फोन केला असता तर सगळे आले असते, तूही आला असतास, ओळ करून अख्खा उतार चाळला असता आपण, तुझ्यासाठी केलं होतं तसंच. पण सापडला असता तर बाणही सापडला असता ना. कुणीतरी म्हणालंच असतं, ठेवा काट्यावर. म्हणून मी फोन केला नाही. माझी लाज झाकायला एक जनावर रानात मरत ठेवलं मी, ऑरिन. रोज सकाळी उठून म्हणतोय, आज जातो वर, आज जातो. आणि दुकान उघडतोय. साडेसहाशे, साडेसहाशे.

तो — मेला होता का? तू गेलास तेव्हा?

मंगळवारी गेलास. आणि जिवंत होता.

म्हणजे दोन दिवस. तीन पायांवर? पाण्यात उभा? — सांगू नकोस. नाही, सांग. सांग, मी विचारलंय तर ऐकलं पाहिजे मला. हं. हं. आणि मग तू — तुझ्या बाणानं? पळालाही नाही तो. नाही, पळणार कसा.

थांब, पण मग टॅग? ऑरिन, टॅग कुणाचा लावलास? तुझा? तू स्वतःचा टॅग कापलास त्याच्यावर? अरे, तुझा हंगाम सुरू पण झाला नव्हता! गेल्या वर्षीचा असा गेला, यंदाचा माझ्यापायी — वेडा आहेस का तू? टॅगशिवाय मांस उतरवता येत नाही हे मलाही कळतं, पण मला बोलवायचं होतंस, कॉलर धरून न्यायचं होतंस वर, म्हणायचं होतंस, हे तुझं आहे मर्ल, काढ चाकू. कुणाला बोललास? बायकोलाही नाही? का पण? माझ्यावर दया करून? — नाही? मग? गेल्या वर्षी तुला कसं वाटलं होतं ते तुला माहीत आहे, म्हणून.

असं बोलू नये रे माणसानं. शिवी द्यावी त्यापेक्षा. तुझ्याकडं वर बघवत नाही मला.

आणि मांस? माझ्यासाठी? नको. अर्धं-बिर्धं काही नको, घेऊन जा ते. पायरीवर ठेवलंस? उचल आधी. मी ते तोंडात घालू कसा? — थांब, थांब, जाऊ नकोस. माझा टॅग पाकिटात आहे, तो कापतो, आत्ता कापतो, तुझ्यादेखत. आणि उद्याच्या जेवणात उठून सांगतो सगळ्यांना. काटा आणतो, हा मोडका बाण ठेवतो त्यावर, आणि मीच वाचतो आकडा, तसाच, मोठ्यानं. सांगतो की. तू समोर बस फक्त. बस, चाकू कुठं गेला हा, आत्ता इथं होता — हा. बघ. ही तारीख, ही चौकट, इथून कापायचं —

कोण आलं? गाडी वाजली. व्हर्ना आहे. उद्याच्या जेवणाची व्यवस्था तिच्याकडं, तेच बघायला आली असेल. दे ते इकडं, फडकं दे, खाली ठेवतो — अरे फक्त ती असेपर्यंत. तिच्या कानावर गेलं की उद्यापर्यंत थांबायचं कामच उरणार नाही. उद्या सांगणारच आहे ना मी? मग. टॅग राहू दे खिशात.

ये ये व्हर्ना. नाही गं, कसली गडबड, ऑरिन आहे. बाणांचं विचारायला आला होता. काय सांगणार दुसरं, साडेसहाशे सांगितले! — उद्याचं ना? बोलणार की. विषय तोच, वजनाचा, लोकांना तोच हवा असतो. — कुठल्या पिशव्या? पायरीवरच्या — हां, त्या. त्या —

हो. मिळाला. रविवारी. अगं, सांगणारच होतो, उद्या सगळ्यांना एकदम सांगावं म्हटलं. — चांगला मोठा नर. — नाही नाही, कुठला पळतोय. एकच बाण.

ऑरिन, निघ रे तू आता, पोरं थांबली असतील तालमीला. असा उभा राहू नकोस दारात, गार वारा आत येतोय.