कानात बोळे आणि भोंगा

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावरचे बदल समितीचे मान्यवर. जिला आपण भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवतो आहोत ती आपली मावशी. माझं बोलणं खुणांनी तिला सांगणारी तिची लेक. आणि पुठ्ठा विभागातल्या मित्रमैत्रिणींनो,

मावशीला ऐकू येत नाही, हे पंचवीस वर्षं सर्वांना ठाऊक आहे. जुन्या यंत्रावर तळहात ठेवून ती बिघाड आधी ओळखायची. मग पुठ्ठा कापायचं नवं यंत्र आलं. त्याचं पातं आपोआप खाली येतं आणि त्याआधी भोंगा वाजतो. केवढी सोय! समितीने मावशीबद्दल शेरा मारला, "भोंग्याला प्रतिसाद नाही. बदलास असमर्थ." म्हणून ही 'स्वेच्छा'निवृत्ती. मुदतीच्या सहा वर्षं आधी.

आता एक बारीकशी गोष्ट. त्या विभागात कानात बोळे घालायची सक्ती आहे. साहेब, फलकावर सही तुमचीच आहे. मग भोंगा ऐकतं कोण? पात्याआधी फरशी थरथरते, ते मावशीच्या पायांना कळतं, ती हात वर करते आणि आम्ही आपापली बोटं घेऊन मागे होतो. तीन महिने हेच चाललंय.

तिने यंत्रावर भोंग्याबरोबर लागणारा दिवा मागितला होता, चित्र काढून. समितीत एक जण म्हणाले, "एका बाईसाठी दिवे लावायचे? कारखाना आहे, सर्कस नाही!" सगळे हसले. मीही हसलो. सर्वांना सामावून घेणारी समिती ना, म्हणून कामगारांतर्फे मी होतो. बिस्किटं खाल्ली, त्या शेऱ्याखाली सही केली. नोकरीची भीती वाटली, दुसरं काय!

उद्यापासून तिच्या जागी मी. काल सरावाला उभा राहिलो. मावशी चहाला गेली होती. पातं अंगठ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर उतरलं. मुकादम ओरडला म्हणे, "अरे, झोपलास काय?" मला तेही ऐकू आलं नाही.

अध्यक्षमहाराज, मी माझी सही मागे घेतो. दिवा बसेपर्यंत त्या यंत्रापुढे उभा राहणार नाही. आणि दिवा बसला, तर मावशीला घरी पाठवायचं कारण काय उरलं? मुली, थांबलीस का? सांग, सगळं सांग तिला.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. सहीबद्दल माफी द्यायची की नाही, ते मात्र मावशीला ठरवू द्या.