डाव्या हातावरच्या कांजिण्या

...आणि वर मलाच विचारतात, ‘बाविसाव्या वर्षी गालगुंड होतंच कसं?’ अहो, लहानपणी राहून गेलं म्हणून होतं! तुम्हाला सांगतो, लहानपणी मी खोट्या आजारांतच गुंतलेलो होतो, खऱ्यांना वेळ कुठे होता? कारण आई शिवणकारखान्यात, तिथला मुकादम एक नंबरचा खडूस, शाळेच्या नर्सबाईंची चिठ्ठी दाखवल्याशिवाय सुट्टीच देत नसे. चिठ्ठी असली तर आई. आणि आई घरी म्हणजे दिवसभर कपाळावर हात, ‘आता कसं वाटतंय रे सोन्या?’ एरवी मी कार्टाच.

म्हणून चौथीत लाल पेन घेतलं आणि काढल्या कांजिण्या. नर्सबाईंनी चष्मा नाकावर ओढला. “कांजिण्या पोटापाठीवर सुरू होतात बाळा. पाण्याचे फोड असतात, काही ताजे, काही सुकलेले. तुझ्या डाव्याच हातावर, आणि सगळ्या एकदम जन्मलेल्या. उजव्या हाताने काढल्यास ना?”

त्यांनी बोळ्याने एकेक ठिपका पुसला, कपाळावर हात ठेवला, म्हणाल्या, “पड तासभर.” चिठ्ठी काही दिली नाही. चिठ्ठी असली तर आई...

महिन्याभराने खऱ्याच आल्या की हो! पोटावर, पाठीवर, अगदी नियमाप्रमाणे. नेमक्या नर्सबाई रजेवर, हेडमास्तर हजर. “पुन्हा रंगवून आलास? जा, धुऊन ये.” मी नळाखाली घासतोय, घासतोय... फोड जातायत कुठले? दोन-तीन आठवड्यांनी अर्धा वर्ग अंथरुणात, आणि स्वतः हेडमास्तरसुद्धा. वीस वर्षं पोरं हाकली, पण शाई आणि पुरळ यातला फरक कळेना, आणि ढ कोण, तर मी! शाळा नववीत सोडली, पण खरं तर त्या नळापाशीच सुटली होती. आणि आजारपणाचे ते आठ दिवस? चिठ्ठी नाही, म्हणून आई नाही. मी एकटाच घरी, आरशात फोड मोजत.

आता गाल असे भोपळ्यासारखे, गिळता येत नाही, म्हणून काल आईला फोन केला. ती आता त्याच कारखान्यात मुकादम आहे. म्हटलं, “आई, एक दिवस ये ना.”

तर म्हणते कशी, “येते रे. पण मी सगळ्या बायकांकडून मागते, मग स्वतःला कशी सोडू? डॉक्टरची चिठ्ठी आहे का?”

दवाखाना सोमवारी उघडणार. तोवर बसलोय... लाल पेन शोधत.